बदली

वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्याला खेटून
माझं आठ टेबलांचं परमिट रूम.
मागच्या फळीवर ज्या सुंदर बाटल्या दिसतात ना,
त्या रिकाम्या आहेत.
जहाजावरून उतरताना आणल्या, दर शनिवारी पुसतो.
माल टाकायला कुडाळहून येणारा पोरगा
माझी यादी मोठ्यानं वाचतो, अडखळत,
आणि म्हणतो, शेठ, ह्यातलं फक्त सोडा मिळेल.

मीही तसा बदलीच.
जेरोमचा पाय मोडला म्हणून मला बारमागे उभं केलं,
आणि नऊ वर्षं छातीवर त्याच्याच नावाची पट्टी.
नवी करायला कुणाला वेळ नव्हता.
गोरे लोक हाक मारायचे, जेरोम,
लवू वळून बघायचा.

तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.
संत्र्याच्या लिकरऐवजी ईडलिंबाची साल,
वोडक्यात दहा दिवस, पांढरं अजिबात नको.
फुलांची जी एक असते, तिच्याजागी सुरंगी:
वळेसर विकणारीकडून संध्याकाळचे उरलेले गजरे घ्यायचे,
दोरा काढायला विसरायचं नाही.
(एकदा विसरलो. गिऱ्हाईक पुण्याचं होतं, भला माणूस.)

हिरवीनं मात्र घाम काढला.
ती म्हणे डोंगरातले मौनी साधू करतात,
एकशे तीस पाल्यांची, कृती दोघांनाच ठाऊक.
माझ्या परसात मोजून सात:
तुळस, ओवा, गवती चहा, हळदीचं पान,
वाटेत हाताला लागलं ते.
आठवा पाला कुंपणावरून फिलुमावशीनं दिला.
नाव विचारलं तर म्हणाली,
नाव सांगितला तर गुण जाता.
म्हटलं, बरं. साधू आमच्याकडेही आहेत.

आता लाल.
लाल कडू, इटलीची, जिच्यावाचून अर्धी यादी अडते.
रंगाला कोकमाचं आगळ घेतलं
आणि कडवटपणाला काडेकिराईत, रात्रभर भिजवलेलं.
आगळात मीठ असतं हे डोक्यातूनच गेलं.
पहिला ग्लास
होडी उलटल्यावर नाकातोंडात जातं, तसा लागला.
मग बिनमिठाची सोलं आणली, साखर बेतानं,
जिन, बर्फ, वरून ईडलिंबाची एक साल पिळून.
कारखान्यातल्या लादीचा बर्फ, फोडून,
कारण चौकोनी खड्यांच्या मशीनचं कर्ज मी काढणार नाही.

एका दुपारी आरोंदेकर बाई आल्या.
शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला,
परमिट रूमची पायरी पहिल्यांदाच चढल्या,
चप्पल बाहेर काढून.
पर्समधून निळं पत्र काढलं, त्रिएस्तचं,
मिस्त्री तेव्हा मालवाहू बोटीवर होते.
‘इथे संध्याकाळी एक लाल पेय देतात. आधी कडू लागते,
मग बराच वेळ काही कळत नाही.’
ह्यां तुझ्याकडे गावात?

खरं सांगायला हवं होतं.
मी ग्लास पुढे केला.
त्यांनी आचमनाएवढं घेतलं, थांबल्या,
आणि पदरात तोंड लपवून हसल्या.
मेल्या, ह्यां तर किराईत!
तापात आवशीन पाजलेला.
मग हसू ओसरलं. काचेतला बर्फ बघत म्हणाल्या,
परसातलांच होतां, तर
इतक्या लांब कित्याक गेले हे?

मिस्त्री दोन वर्षं बोलत नाहीत. अर्धं अंग गेलंय.
उरलेलं बाईंनी थर्मासात ओतून नेलं.
डॉक्टर नको म्हणतील, मी म्हटलं.
वासाक कोण नको म्हणता?

चौथ्या दिवशी थर्मास परत, घासून लखलखीत,
आत दोन आमसुलं.
काय म्हणाले?
तोंड वाकडां केल्यांनी.

त्रिएस्त आठवलं म्हणून, की किराईत लागलं म्हणून,
हे मी विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
फळीवरून एक रिकामी बाटली उतरवली,
जुनी चिठ्ठी कोमट पाण्यात भिजवून सोलली,
नवी चिकटवली आणि पेन उघडलं.

अजून कोरीच आहे.
नाव सांगितला तर गुण जाता.